शिडाच्या जहाजांची प्रतिकृती-बांधणी

शिडाच्या जहाजांची प्रतिकृती-बांधणी म्हणजे अस्तित्वात असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या शिडाच्या जहाजाची, त्याच्या आराखड्यावरून, ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती हाताने घडवण्याची कला होय. जहाजाचा कणा, बरगड्या, फळ्या, डोलकाठ्या, शिडे आणि दोर हे सर्व भाग मूळ जहाजाच्या मापांशी एकाच गुणोत्तराने जुळणे हे तिचे प्रमुख लक्षण आहे. शोभेचे जहाज आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांतील फरक याच लक्षणावरून ठरतो. ही कला छंद म्हणून जोपासली जाते. त्याचबरोबर जहाजबांधणीचे शिक्षण, संग्रहालयीन मांडणी आणि सागरी इतिहासाचे संशोधन यांतही तिचा उपयोग होतो.

महाराष्ट्रात या कलेचे विषय तीन प्रकारचे आहेत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या काही जहाजांचे कागदी आराखडे उपलब्ध आहेत. कोकण-मलबार किनाऱ्यावरील पत्तेमारीसारख्या व्यापारी जहाजांची मापे एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांनी नोंदवून ठेवली. मराठा आरमारातील गुराबा व गलबते यांचे मात्र बांधणीच्या वेळचे आराखडे उपलब्ध नाहीत. त्यामुळे मराठा जहाजाची प्रत्येक प्रतिकृती ही उपलब्ध पुराव्यावरून केलेली पुनर्रचना असते आणि तिची विश्वासार्हता त्या पुराव्यावर अवलंबून राहते.

## संज्ञा व व्याप्ती

प्रतिकृतींचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. केवळ पाहण्यासाठी ठेवलेली ती स्थिर प्रतिकृती. पाण्यावर वाऱ्याने चालणारी ती तरती प्रतिकृती. हिच्यात मूळ जहाजाच्या बाह्य आकाराइतकेच तोल आणि वजन यांना महत्त्व असते. जहाजाची एकच बाजू दाखवणारी व फळीवर बसवलेली ती अर्धप्रतिकृती. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने त्याचा आकार ठरवण्यासाठी अर्धा भाग पुरेसा असतो. म्हणून अनेक देशांतील जहाजबांधणी कारागीर प्रत्यक्ष बांधणीपूर्वी अर्धप्रतिकृती कोरून तिच्यावरून मापे घेत असत. अशा वेळी प्रतिकृती हाच आराखडा ठरे.

तयार सुटे भाग असलेल्या संचातून केलेली जोडणी आणि केवळ आराखड्यावरून केलेली बांधणी यांतही भेद केला जातो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भाग बांधणारा स्वतः कापतो, त्यामुळे कागदावरील रेषेचा अर्थ लावण्याची जबाबदारीही त्याचीच असते. या लेखात प्रामुख्याने याच प्रकाराचा विचार केला आहे.

## इतिहास

जहाजांच्या लहान प्रतिमा घडवण्याची प्रथा अतिशय प्राचीन आहे. इजिप्तमधील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या थडग्यात १९२० मध्ये लाकडी नौकांचा मोठा समूह सापडला. गुजरातमधील लोथल येथील उत्खननात सिंधू संस्कृतीच्या काळातील भाजलेल्या मातीच्या नौका मिळाल्या. या वस्तू धार्मिक विधीच्या किंवा खेळण्याच्या स्वरूपाच्या आहेत. त्यांत मापांचे प्रमाण पाळलेले नाही.

प्रमाणबद्ध प्रतिकृतींची सलग परंपरा सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये दिसते. ब्रिटिश नौदलाच्या मंडळाशी संबंधित अशा प्रतिकृतींना ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ असे म्हणतात. त्यांचा खालचा भाग मुद्दाम फळ्यांविना ठेवलेला असल्याने आतील बरगड्या उघड्या दिसतात. यांपैकी अनेक प्रतिकृती १:४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटास पाव इंच या हिशेबाने केलेल्या आहेत. ब्रिटिश नौदलाचे आराखडेही बहुधा याच प्रमाणात काढले जात. नेपोलियनकालीन युद्धांत इंग्लंडमध्ये बंदिवान असलेल्या फ्रेंच सैनिकांनी जेवणातील हाडांपासून केलेली जहाजे कौशल्यासाठी प्रसिद्ध आहेत. मात्र ती बहुधा आठवणीवरून केलेली असल्याने त्यांची प्रमाणे नेहमी विश्वसनीय नसतात.

आशियाई जहाजांच्या दृष्टीने फ्रेंच नौदल अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारिस (१८०६–१८९३) यांचे कार्य महत्त्वाचे आहे. जगप्रवासात त्यांनी भारतासह अनेक देशांतील नौकांची प्रत्यक्ष मापे घेतली, त्यांचे आराखडे काढले आणि १८४० च्या दशकात युरोपबाहेरील लोकांच्या जहाजबांधणीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे पॅरिसमधील लूव्र येथील नौकासंग्रहालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा या आराखड्यांवरून प्रतिकृतीही तयार करण्यात आल्या. ज्यांच्या बांधणीत कागदाचा वापरच होत नसे अशा अनेक नौकांचे आकार केवळ या नोंदींमुळे टिकून राहिले.

## आराखडा

जहाजाचा पृष्ठभाग सर्व बाजूंनी वक्र असतो. तो सपाट कागदावर दाखवण्यासाठी तीन दृश्ये काढली जातात.

* पार्श्वदृश्य : जहाजाची लांबी, कण्याची रेषा, नाळेचा व पिछाडीचा कल, डेकची कमान.
* ऊर्ध्वदृश्य : वरून दिसणारा आकार. डावी व उजवी बाजू सारखीच असल्याने केवळ अर्धीच रुंदी काढतात.
* छेददृश्य : ठरावीक अंतरांवर जहाज आडवे कापले असता दिसणारे आकार. मध्यरेषेच्या एका बाजूस पुढील अर्ध्या भागाचे आणि दुसऱ्या बाजूस मागील अर्ध्या भागाचे छेद एकमेकांवर काढलेले असतात.

कोणताही बिंदू तिन्ही दृश्यांत एकाच ठिकाणी आला पाहिजे. एका दृश्यातील माप दुसऱ्याशी जुळत नसेल, तर आराखड्याची प्रत काढताना कागद ताणला गेला आहे किंवा रेषा चुकली आहे, असे समजावे लागते. त्यामुळे लाकूड कापण्यापूर्वी तिन्ही दृश्ये ताडून पाहणे हा बांधणीचा पहिला टप्पा असतो.

जुन्या नौदलीय आराखड्यांतील छेदरेषा बहुधा बरगड्यांची बाहेरील कड दाखवतात. बाहेरच्या फळ्यांची जाडी तीत धरलेली नसते. बरगड्यांवर फळ्या बसवून केलेल्या प्रतिकृतीस ही रेषा जशीच्या तशी चालते. एकसंध लाकडातून कोरलेल्या प्रतिकृतीत मात्र फळ्यांची जाडी वाढवावी लागते, अन्यथा जहाज मूळ मापापेक्षा अरुंद होते.

## प्रमाण व मापे

१:४८, १:६४, १:७२, १:९६ आणि १:१०० ही प्रचलित प्रमाणे आहेत. फूट-इंचांतील जुन्या आराखड्यांसाठी १:४८ व १:९६ ही सोयीची ठरतात. प्रमाण ठरवताना तयार वस्तूच्या लांबीइतकाच सर्वांत लहान भाग कोणता, याचाही विचार करावा लागतो. मूळ जहाजावरील १० इंच रुंदीची फळी १:९६ या प्रमाणात सुमारे २.६ मिलिमीटर रुंद होते, तर साडेपाच फूट उंचीचा माणूस सुमारे पावणेदोन सेंटिमीटरचा होतो.

जुन्या नोंदींत दोराची जाडी व्यासाने दिलेली नसून परिघाने दिलेली असते, हे नवशिक्यांना बहुधा ठाऊक नसते. ६ इंची दोर म्हणजे ६ इंच परिघाचा दोर. त्याचा व्यास दोन इंचांपेक्षा किंचित कमी, सुमारे ४८ मिलिमीटर भरतो आणि १:९६ या प्रमाणात त्यासाठी अर्धा मिलिमीटर जाडीचा धागा लागतो. परिघालाच व्यास समजल्यास दोर तिपटीहून अधिक जाड होतात आणि सारी प्रतिकृती बोजड दिसते.

## बांधणीच्या पद्धती

कोरीव पद्धत : लाकडाचा एकच ठोकळा बाहेरून तासून आकार दिला जातो. छेददृश्यावरून कापलेले पुठ्ठ्याचे साचे वारंवार लावून आकार तपासतात. लहान प्रमाणातील प्रतिकृतींसाठी ही पद्धत योग्य आहे.

थरांची पद्धत : ऊर्ध्वदृश्यातील आडव्या रेषांनुसार कापलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून नंतर त्यांच्या पायऱ्या रंध्याने व कानशीने घासून काढतात. आतील भाग आधीच पोकळ कापता येत असल्याने तरत्या प्रतिकृतींसाठी ही पद्धत उपयुक्त ठरते.

आडव्या पडद्यांची पद्धत : लांब कण्यावर ठरावीक अंतराने छेदांच्या आकाराचे पडदे बसवून त्यांवर फळ्या चिकटवतात. बहुतेक तयार संचांत हीच पद्धत असते.

बरगड्यांची पद्धत : मूळ जहाजाप्रमाणे प्रत्येक बरगडी अनेक तुकडे जोडून तयार केली जाते. ही सर्वांत कष्टाची पद्धत असून तीत शेकडो तास, मोठ्या जहाजांच्या बाबतीत काही वर्षेही लागतात.

फळ्या बसवताना डावी व उजवी बाजू आळीपाळीने पुढे न्यावी लागते. एकच बाजू आधी पूर्ण केल्यास ओल्या फळ्या वाळताना सांगाडा त्या बाजूस ओढला जातो आणि कणा पिळतो. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा व टोकांना लहान असल्याने फळ्या टोकांकडे निमुळत्या कराव्या लागतात. नाळेजवळील तीव्र वळणासाठी फळी पाण्यात भिजवून किंवा वाफेवर धरून वाकवतात.

## लाकूड, हत्यारे व हवामान

मूळ जहाज ज्या लाकडाचे, तेच लाकूड प्रतिकृतीस योग्य असेल असे नाही. मुंबईची जहाजे सागवानाची होती. परंतु सागाचे रंध्र व रेषा मोठ्या असल्याने १:४८ किंवा त्याहून लहान प्रमाणात त्या खऱ्या फळीच्या मानाने अवाढव्य दिसतात. म्हणून बारीक पोताचे लाकूड निवडले जाते. भारतीय लाकडांपैकी हळदू (हेदू) एकसारख्या पोतामुळे बारीक कामास, तर शिवण हलकी असून कमी वाकत असल्याने सांगाड्यास उपयोगी पडते. डोलकाठ्यांसाठी सरळ रेषेचे लाकूड लागते. बारीक काठ्यांसाठी बांबूही चालतो.

बांबूचा आणखी एक महत्त्वाचा उपयोग लाकडी खिळ्यांसाठी होतो. मूळ जहाजांत फळ्या बरगड्यांना जोडण्यासाठी लाकडी खुंट्या वापरत. सव्वा इंच जाडीची खुंटी १:४८ या प्रमाणात सुमारे ०.६६ मिलिमीटरची होते. बांबूची चीप पोलादी पट्टीतील क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढली असता इतकी बारीक काडी मिळते. सोनार तार ओढण्यासाठी जी जंत्री वापरतात, तिचेच हे तत्त्व आहे. करवत, रंधा, पटाशी, कानस, गुण्या ही सुतारकामाची नेहमीची हत्यारेच लहान आकारात लागतात. चिमटे, बारीक कानशी आणि हातड्रिल सोनारकामाच्या साहित्यात मिळतात.

हवामानाचा परिणाम दोन प्रकारे होतो. कोकणातील दमट हवेत ठेवलेले लाकूड मराठवाड्यासारख्या कोरड्या प्रदेशात आणल्यास ते आणखी आकसते आणि चिकटवलेल्या सांध्यांत फटी पडतात. म्हणून लाकूड कामाच्या जागीच काही महिने मुरू देणे आवश्यक असते. दोरांच्या बाबतीत उलट घडते. पिळलेला सुती किंवा तागाचा धागा ओलावा मिळताच आखूड होतो. बीडसारख्या ठिकाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात धागे ताठ बांधले, तर पावसाळ्यात ते आणखी ताणले जाऊन बारीक काठ्या वाकवू शकतात. यासाठी धाग्यावर मेण चोळतात, किंवा ओलाव्याचा कमी परिणाम होणारा पॉलिएस्टर धागा वापरतात. अंतिम ताण देण्याचे काम मध्यम ऋतूत करणे सोयीचे ठरते.

## डोलकाठ्या, शिडे व दोर

शिडाच्या जहाजावरील दोरांचे दोन वर्ग आहेत. डोलकाठी उभी धरून ठेवणारे दोर कायम बांधलेले असतात; त्यांना पूर्वी डांबर लावत असल्याने प्रतिकृतीत ते गडद रंगाचे दाखवतात. शिडे चढवणे, उतरवणे व फिरवणे यांसाठीचे दोर हलते असल्याने फिकट रंगाचे असतात. प्रत्येक हलत्या दोराचे एक टोक खलाशाच्या हाताशी येऊन कुठेतरी बांधले गेले पाहिजे. ज्या दोराला असा शेवट नाही तो चुकीचा, या साध्या कसोटीने अनेक चुका सापडतात.

युरोपीय युद्धनौकांची शिडे प्रामुख्याने चौकोनी, आडव्या काठीला बांधलेली असत. अरबी समुद्रातील नौकांची शिडे लांब तिरप्या काठीला बांधलेली, त्रिकोणी किंवा पुढील कोपरा थोडा कापल्यासारखी असत आणि त्यांच्या डोलकाठ्या बहुधा पुढे झुकलेल्या असत. डोलकाठीचा हा कल प्रतिकृतीत सरळ केला, तर नौकेची ओळखच बदलते.

## महाराष्ट्राशी संबंधित जहाजे

### मुंबई गोदीची जहाजे

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्यातील कारागिरांनी पुढे शतकाहून अधिक काळ मुंबई गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी एचएमएस ट्रिंकोमाली ही ३८ तोफांची फ्रिगेट जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली तयार होऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडण्यात आली. हे जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले असून ते अद्याप पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका मानले जाते.

या जहाजाच्या आराखड्याचा इतिहास बोधप्रद आहे. त्याचा मूळ नमुना ब्रिटिशांनी १७८२ मध्ये पकडलेल्या एब या फ्रेंच फ्रिगेटचा होता. मुंबईस पाठवलेले आराखडे एचएमएस जावा या जहाजावर होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या यूएसएस कॉन्स्टिट्यूशनने ते जहाज जिंकले व नंतर जाळले. आराखड्यांच्या नव्या प्रती पाठवाव्या लागल्या आणि प्रत्यक्ष बांधणी १८१६ मध्ये सुरू झाली. मूळ आराखड्याची प्रत दुसरीकडे होती म्हणूनच हे शक्य झाले.

ट्रिंकोमालीच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट आहे. ती १:९६ या प्रमाणात सुमारे ४८ सेंटिमीटर, तर १:४८ या प्रमाणात सुमारे ९५ सेंटिमीटर होते. नाळेपुढील काठी धरल्यास एकूण लांबी आणखी वाढते. आराखडे आणि प्रत्यक्ष जहाज दोन्ही उपलब्ध असल्याने मुंबईत बांधलेल्या जहाजांपैकी प्रतिकृतीसाठी हे सर्वांत खात्रीचे जहाज ठरते.

### पत्तेमारी

पत्तेमारी (फत्तेमारी) हे पश्चिम किनाऱ्यावरील दोन वा तीन डोलकाठ्यांचे मालवाहू जहाज होते. श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथील ब्रिटिश गोदीत काम केलेले जॉन एडाय यांनी १८३४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारत व श्रीलंकेच्या किनाऱ्यांवरील नौकांची मापांसह माहिती प्रसिद्ध केली. तीत मोठ्या पत्तेमारीची लांबी सुमारे ७६ फूट व रुंदी सुमारे २१ फूट दिली आहे. हे जहाज १:४८ या प्रमाणात सुमारे ४८ सेंटिमीटर लांब व १३ सेंटिमीटर रुंद होते. भारतीय बनावटीच्या जहाजाची आराखड्यावरून प्रतिकृती करू इच्छिणाऱ्यास एडाय व पारिस यांच्या नोंदी हा प्रमुख आधार आहे.

### मराठा आरमार

छत्रपती शिवाजी महाराजांनी उभारलेल्या व पुढे कान्होजी आंग्रे यांनी वाढवलेल्या आरमारात गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवा, पगार अशी विविध नौकांची नावे आढळतात. पारंपरिक कारागीर कागदी आराखड्याऐवजी अनुभव, साचे आणि नजरेचे माप यांवर बांधणी करीत. तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यातील विजयदुर्गावर ब्रिटिशांनी फेब्रुवारी १७५६ मध्ये हल्ला केला, तेव्हा तेथील आरमार जळून नष्ट झाले. त्यामुळे प्रत्यक्ष नौकांवरून मापे घेण्याची शक्यताही संपली.

अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी केलेले वर्णन हा या नौकांविषयीचा सर्वांत तपशीलवार लेखी पुरावा आहे. त्यानुसार गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची व दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची असे. लांबीच्या मानाने ती फार रुंद असून मध्यापासून टोकांकडे निमुळती होई. तिला युरोपीय जहाजासारखी गोल नाळ नसून भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे पुढे आलेली चोच असे. ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा मुख्य डेकवर पुढे तोंड करून ठेवत आणि त्या चोचीवरून मारा करीत. गलबत हे त्याच बांधणीचे पण लहान, क्वचितच ७० टनांहून मोठे असे. त्यावर मोठे त्रिकोणी शीड व ४० ते ५० वल्ही असत आणि काही गलबतांचा डेक हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूंचा केलेला असे.

या वर्णनातून आकाराचे स्वरूप कळते, पण छेददृश्य मिळत नाही. पाण्याखालील भागाची गोलाई, बरगड्यांतील अंतर, डोलकाठ्यांची उंची यांविषयी ऑर्म मौन बाळगतात. विजयदुर्गाच्या लढाईचे डॉमिनिक सेरेस यांनी १७७१ मध्ये काढलेले चित्र उपलब्ध आहे. परंतु ते घटनेनंतर १५ वर्षांनी युरोपात काढलेले असल्याने मापांसाठी त्याचा आधार मर्यादित आहे.

## मराठवाडा व बीड जिल्हा

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. बीड शहरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरी नदी आहे. तरीही भारतीय जहाजांचे काही महत्त्वाचे प्राचीन पुरावे मराठवाड्याच्या इतिहासाशी जोडलेले आहेत.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगून तेथील माल भडोच बंदरात येत असल्याची नोंद आहे. पैठण व तेर यांना जोडणारी सुमारे १५० किलोमीटरची सरळ रेषा बीड शहराच्या अगदी जवळून जाते. पैठण ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांच्या, विशेषतः यज्ञश्री सातकर्णीच्या मानल्या जाणाऱ्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. ही नाणी प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावर सापडली आहेत.

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मध्ये, पाचव्या शतकातील पूर्णाच्या कथेच्या चित्रात तीन डोलकाठ्यांचे जहाज दिसते. त्याची शिडे उंच व आयताकृती आहेत, मागे सुकाणूची वल्ही आहेत, नाळेवर डोळा काढलेला आहे आणि डेकवर रांजण ठेवलेले आहेत. बीडचा प्रदेश ज्यांच्या राज्यात होता त्या देवगिरीच्या यादवांच्या काळाशी बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांचा संबंध काही अभ्यासक जोडतात. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. या वीरगळांच्या काळाविषयी एकमत नाही.

अजिंठ्यातील चित्रावरून पूर्ण आकाराचे जहाज बांधण्याचा प्रयोग अलीकडे झाला. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून हे जहाज तयार केले. जुना आराखडा उपलब्ध नसल्याने चित्रावरून आकार ठरवावा लागला आणि आयआयटी मद्रास येथे लहान प्रतिकृतीवर पाण्यातील चाचण्या घेण्यात आल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

या जहाजाच्या शिडांवर गंडभेरुंड व सूर्य, नाळेवर सिंहयाळी आणि डेकवर हडप्पा शैलीचा दगडी नांगर आहे. ही चिन्हे वेगवेगळ्या काळांतून व प्रदेशांतून प्रतीक म्हणून घेतलेली आहेत. या जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याने ‘२०२५ चे कौंडिण्य’ करायचे की ‘अजिंठ्याचे पाचव्या शतकातील जहाज’, हे आधी ठरवणे आवश्यक आहे, कारण दोन्ही एक नाहीत.

## पुराव्याची प्रतवारी

आराखडा नसलेल्या जहाजाची प्रतिकृती करताना प्रत्येक भाग कोणत्या आधारावर ठरवला याची नोंद ठेवणे इष्ट मानले जाते. सोयीसाठी पुराव्याचे चार स्तर करता येतात.

१. मोजलेले : आराखडा, प्रत्यक्ष जहाज किंवा उत्खननातील अवशेष यांवरून घेतलेले माप.
२. वर्णिलेले : समकालीन लेखातील संख्या वा वर्णन. उदाहरणार्थ, ऑर्म यांनी दिलेली तोफांची व वल्ह्यांची संख्या.
३. चित्रित : भित्तिचित्र, शिल्प, नाणे किंवा रंगचित्र. यांत कलावंताची शैली मिसळलेली असते. अजिंठ्याच्या चित्रातील माणसांच्या मानाने जहाजाचा आकार मोजता येत नाही.
४. अनुमानित : नंतरच्या काळातील तत्सम नौकांवरून घेतलेला आकार. गुराबेचा पाण्याखालील भाग पत्तेमारीसारख्या नौकांवरून कल्पिणे हे याचे उदाहरण.

ही नोंद नसल्यास चौथ्या स्तरावरील गोष्ट पाहणाऱ्याला पहिल्या स्तराची वाटू लागते. मराठा जहाज म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही शोभेच्या प्रतिकृतींत युरोपीय गॅलियनसारखी उंच, खिडक्यांची पिछाडी आणि चौकोनी शिडांचे थर दिसतात. केवळ निशाण मराठ्यांचे असते. अशी प्रतिकृती पाहून काढलेले चित्र, चित्रावरून छापलेला धडा आणि धड्यावरून केलेली पुढची प्रतिकृती, अशा क्रमाने चुकीचा आकार रूढ होतो. गुराबेची पुढे आलेली चोच व तिच्यावरून मारा करणाऱ्या तोफा ही तिच्या युद्धतंत्राची खूण होती. तीच पुसली गेल्यास, वारा पडला असता वल्ह्यांच्या गलबतांकडून ओढून घेतलेली गुराब मोठ्या युरोपीय जहाजावर मागून मारा कशी करू शके, हेही कळेनासे होते.

## शिक्षण व संस्था

राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागात जहाजप्रतिकृती-बांधणी हा प्रशिक्षणाचा भाग आहे. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात वल्हवणे, शीडनौका चालवणे, संकेतन यांबरोबर प्रतिकृती-बांधणीची स्पर्धाही घेतली जाते.

मुंबई येथील मेरिटाइम हिस्ट्री सोसायटीची स्थापना १९७८ मध्ये व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांच्या पुढाकाराने झाली. सागरी इतिहासाचे संशोधन व प्रसार हे तिचे कार्य आहे. आवटी यांच्याच कल्पनेतून आकारास आलेल्या मोहिमेसाठी ‘आयएनएसव्ही म्हादेई’ ही शीडनौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात एका डच आरेखनावरून बांधण्यात आली. २००९–१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आधुनिक शीडनौकांचे आराखडे अचूक असल्याने म्हादेईसारख्या नौका तरत्या प्रतिकृतींसाठी सोयीच्या असतात.

शालेय पातळीवर या कामातून भूमितीतील छेद व प्रक्षेप, गुणोत्तर-प्रमाण, लाकडाचे गुणधर्म आणि इतिहासातील साधनांची चिकित्सा या चार विषयांचा एकत्र अभ्यास होतो. त्यासाठी समुद्र, गोदी किंवा मोठी कार्यशाळा यांची गरज नसते. आराखड्याची खात्रीची प्रत, सपाट मेज, सुतारकामाची काही हत्यारे आणि मुरलेले लाकूड एवढी सामग्री कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी जमवता येते.

अलीकडे संगणकीय आरेखन, लेझर कटाई व त्रिमितीय छपाई यांचा वापर वाढला आहे. त्यामुळे भाग कापण्याचा वेळ वाचतो. मात्र आराखड्याचा अर्थ लावणे, पुरावा तपासणे व दोरकाम ही कामे अद्याप बांधणाऱ्यालाच करावी लागतात.

## हे सुद्धा पहा

* मराठा आरमार
* कान्होजी आंग्रे
* विजयदुर्ग
* वाडिया घराणे
* अजिंठा लेणी
* तेर
* पैठण